हसाकाका

"हात खाली घे," फोटोवाला म्हणाला. "फोटो तुझा काढायचाय, हाताचा नाही."

मुलीनं हात खाली घेतला. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाला, "हसा." ती हसली, आणि हसल्याबरोबर हात पुन्हा तोंडावर गेला.

मागे रांगेत उभी असलेली पोरं खिदळली.

"काका, तिचं नावच झाकण आहे," त्यातला एक म्हणाला. "गच्च बसलंय. निघत नाही."

शाळेच्या सभागृहात भिंतीला पांढरी चादर, समोर एक स्टूल, दोन बाजूंना दोन दिवे, एवढ्या सामानावर तो दरवर्षी ओळखपत्रांचे फोटो काढायचा. पहिली ते दहावी सगळी शाळा त्या स्टुलावर बसून जायची. पहिलीतल्या चिमुरड्यालासुद्धा तो अदबीनं 'हसा' म्हणायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव हसाकाका ठेवलं होतं. ते नाव त्याला मनापासून आवडायचं. बाजारात एखादा मिशी फुटलेला, ओळख न लागणारा तरुण "काय हसाकाका" म्हणून हाक मारायचा तेव्हा तो शेजारी चालणाऱ्या बायकोला कोपरानं ढोसायचा. बघितलंस?

या मुलीला तो पहिलीपासून ओळखत होता. वरचे दोन दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले. इतक्या वर्षांत तिचा एक फोटो त्याला धड मिळाला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, नाहीतर हात आडवा. आता ती दहावीत होती. पुढच्या वर्षी ती या स्टुलावर बसणार नव्हती.

त्यानं बाकीच्यांना व्हरांड्यात पिटाळलं. दार उघडंच होतं. दारात खुर्ची टाकून वर्गशिक्षिका मोबाइल बघत बसल्या होत्या.

"दातांमुळे ना?" त्यानं हळूच विचारलं.

मुलगी स्टुलाचा पाय बघत राहिली.

"अगं, तुझे पुढे असतील, पण तुझे तरी आहेत. माझे बघ." त्यानं तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. "शकाली घालायचे, लात्ली कालायचे," तो बोळक्यानं म्हणाला.

मुलगी हसली. डोळे बारीक करून, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसली, आणि हात मांडीवरच राहिले. फोटोवाल्यानं एका हातात कवळी धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत होती.

"ही मी आहे?"

"मग काय मी?"

"हा कुठे लावणार नाही ना, काका?"

"छे. ओळखपत्राला आता तोंड मिटलेला काढू. हा घरी न्यायला. आईला दाखव."

तो फोटो त्यानं दुकानात जाऊन मोठा करून पाहिला. लग्नं, साखरपुडे, सरकारी समारंभ, सगळं काढून झालं होतं, पण असा फोटो हाताला लागला नव्हता. त्यानं कोपऱ्यात आपल्या स्टुडिओचं नाव तिरप्या अक्षरांत टाकलं. असं तो फार क्वचित करायचा.

ओळखपत्रं द्यायला तो मोठ्या बाईंकडे गेला, तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यानं आणलेले सगळे चेहरे संगणकावर सरकवत सरकवत त्या फोटोशी थांबल्या.

"काय सुरेख आलाय हो. मूल शाळेत आनंदात असतं म्हणजे काय, ते दिसतं यात." प्रवेशांचे दिवस तोंडावर आले होते. शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर आणि फाटकावरच्या मोठ्या फलकावर टाकायला त्यांना असंच काहीतरी हवं होतं.

"मुलीला एकदा विचारायला हवं, बाई."

"विचारायचं काय त्यात? आपलीच मुलगी आहे. आणि तुमचं नाव राहू दे की कोपऱ्यात, आमची काही हरकत नाही."

एवढी वर्षं त्यानं गावभरच्या भिंतींवर दुसऱ्यांचे चेहरे लावले होते. त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नव्हतं. त्यानं फोटो देऊन टाकला.

फलक लागल्यावर तो काही काम नसताना दोनदा त्या रस्त्यानं गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा शाळा सुटत होती. मुलगी खाली मान घालून फाटकातून बाहेर आली, चार पावलं गेली, थांबली आणि तिनं मागे वळून फलकावरच्या स्वतःकडे बघून घेतलं. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. आवडला तिला, तो बायकोला म्हणाला.

फलक जुना व्हायच्या आत एका सकाळी शेजारच्या दुकानातला शिंपी आला आणि त्यानं काउंटरवर आपला फोन ठेवला.

"हे तुमचंच नाव ना?"

कोपऱ्यात तिरपी अक्षरं होती. चेहरा तिचा होता, तोच हसरा. बाकीचं काहीही तिचं नव्हतं. फोटोवाल्यानं फोन उलटा करून ठेवला.

"कुठून आलं हे?"

"कुठून काय, सगळीकडे आहे. मला मेव्हण्यानं पाठवलं."

"तुम्ही पुढे कुणाला पाठवलं नाही ना?"

शिंपी घुटमळला. "दोघांनाच. दुकान तुमचंच का, एवढं विचारायला."

दुपारी शाळेतून बोलावणं आलं. मोठ्या बाई टेबलामागे होत्या. मुलीचा बाप समोर बसला होता, आई खुर्चीमागे उभी होती, आणि मुलगी कपाटाला पाठ लावून उभी होती, दोन्ही तळवे तोंडावर दाबून. फोटोवाल्याला कुणी बस म्हणालं नाही.

"विद्यार्थी सुरक्षा समितीची प्रमुख म्हणून मला विचारावं लागतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांकडून कळलं की तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलं होतं."

"लाजत होती म्हणून, बाई. दार उघडं होतं. वर्गशिक्षिका दारातच होत्या."

"त्या म्हणतात त्यांचं लक्ष नव्हतं. आणि मुलं म्हणतात, तुम्ही तिला काहीतरी काढून दाखवलं."

मुलीचा बाप खुर्चीतून अर्धवट उठला.

"कवळी," फोटोवाला म्हणाला.

"काय?"

"दातांची कवळी, बाई. ही." त्याचा हात तोंडाकडे गेला.

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "इथे नको."

हात खाली आला. तो मुलीकडे वळला. "तू सांग ना गं, बाळ."

"कवळीच होती," मुलगी तळव्यांच्या आतून म्हणाली.

"तू गप्प बस," बाप म्हणाला. "एवढे दात काढून हसायला तुला कुणी सांगितलं होतं? कधी घरात हसत नाहीस ती."

मोठ्या बाईंनी ठरलेलं सांगितलं. फलक उतरवला आहे. पोलिसांना कळवलं आहे. मुलीनं काही दिवस शाळेत येऊ नये, अभ्यास घरी पाठवला जाईल. "तिच्याच सुरक्षिततेसाठी."

"म्हणजे घरी तिनंच बसायचं?" आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"वर्गात मुलं काय म्हणतायत ते तुम्हाला माहीत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलीला माहीत होतं. सकाळी ती वर्गात शिरली तेव्हा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला होता, झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस फोटोवाल्याचा संगणक आणि सगळ्या डिस्क घेऊन गेले. भरदिवसा, गल्लीतून. बायको हातात संगणकावरचं फडकं घेऊन दारात उभी होती. गाडी गेल्यावरही ती त्या फडक्याच्या घड्या घालत होती.

जेवताना ती म्हणाली, "मी एकदाच विचारते. तुम्ही काही केलं नाही ना?"

त्यानं घास ताटात ठेवला. "तू विचारतेयस?"

"एकदाच विचारलं."

"नाही."

"मग झालं. जेवा."

तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बाहेर कुणी बोललं तर ती वाघिणीसारखी अंगावर जायची. पण तिनं विचारलं होतं. त्यानंतर घरात आरशासमोर कवळी घालताना ती मागून आली की तो पाठ फिरवायचा.

गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही, हळूहळू सुकलं. दोन शाळांनी कळवलं की यंदा आमची सोय झाली आहे. एका लग्नघरानं ठरवलेला दिवस मोडला आणि कारण दिलं नाही. बाळाचा फोटो काढायला आलेली एक बाई बाळाला घट्ट धरूनच बसली, स्टुलावर ठेवेना. कॅमेऱ्यात निम्मी तिची बोटंच आली. एका सकाळी शटरवर कुणीतरी रंगानं लिहिलेलं दिसलं. 'काढून दाखवा.' त्यानं ते घासून काढलं. अक्षरं फिकट झाली, गेली नाहीत.

थंडी सरता सरता एक हवालदार बाई संगणक परत घेऊन आल्या. खोकं काउंटरवर ठेवून त्यांनी सही घेतली.

"तुमच्यात काही नव्हतं, काका. शाळेतलीच पोरं निघाली. शाळेच्या पानावरून फोटो उचलला, फोनवरच्या ॲपमध्ये घातला. चहा गार व्हायच्या आत होतं म्हणे ते काम."

"कोण पोरं?"

"नावं नाही सांगता येत. लहान आहेत. समज दिली, आईबाप रडले, सोडून दिलं."

"माझं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे."

"तुमचं कोपऱ्यात होतं ना," हवालदार बाई म्हणाल्या. त्यात खोच नव्हती. त्यांना तसंच वाटत होतं.

तो तडक शाळेत गेला. फाटकावरच्या रखवालदारानं, जो त्याच्याकडून पोराचे फोटो काढून घ्यायचा, आत सोडलं नाही. वर विचारून येतो म्हणाला. शेवटी मोठ्या बाई स्वतः फाटकाशी आल्या आणि गजांच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"मला कळलंय सगळं. बरं झालं, तुमच्यावरचं बालंट गेलं."

"कुठे गेलं, बाई? तुम्हाला कळलं आणि मला कळलं. परिपाठाला सगळी शाळा उभी असते, तेव्हा एक वाक्य बोला. फोटोवाल्याचा यात हात नव्हता, एवढंच."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. "तसं बोललं की पुढचा प्रश्न येतो, मग कुणाचा होता? तीही आमचीच मुलं आहेत हो. परीक्षा तोंडावर आहे. एका चुकीसाठी त्यांचं आयुष्य कसं पणाला लावू? मुलांना जपणं हेच तर आमचं काम आहे."

"आणि ती मुलगी?"

"तिला आम्ही जपलंयच. घरी सुरक्षित आहे ती. फी सुद्धा माफ केली." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि एक. पुढच्या वर्षीपासून फोटो आमचे आम्हीच काढणार आहोत. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असा नियम केलाय. तुमच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठीच. मनाला लावून घेऊ नका."

मैदानावर लहान मुलांचा खेळाचा तास चालू होता. एका मुलानं गजांमधून त्याला पाहिलं आणि ओरडला, "हसाकाका!" शिक्षिकेनं त्याला दंडाला धरून दुसरीकडे तोंड करून उभं केलं.

अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा एका दुपारी मुलगी आणि तिची आई दुकानात आल्या. आई एका कापडदुकानात उभ्यानं काम करायची, अर्धी सुट्टी काढून आली होती. मुलगी वाळली होती. केस मानेपर्यंत कापले होते.

"अर्जाला फोटो लागतो," आई म्हणाली.

फोटोवाला गोंधळला. "माझ्याकडे कशाला आलात, ताई? दुसरीकडे गेला असतात. लोक बघतात."

"दुसरीकडेच गेलो होतो, भाऊ. त्यानं अर्जावरचं शाळेचं नाव वाचलं, हिच्याकडे बघितलं आणि हसला. मग उठलो तिथून."

त्यानं दिवे लावले. मुलगी स्टुलावर बसली. त्यानं फक्त "समोर बघ" म्हटलं आणि बटण दाबलं. हात खाली घे म्हणायची वेळ तिनं आणली नाही. फोटो अर्जाला हवा तसा आला. सरळ चेहरा, मागे पांढरं. त्यानं तो छापला, कापला आणि पाकिटात घालून आईच्या हातात दिला.

मुलगी उठली नाही.

"आता पुसा तो, काका."

त्यानं कॅमेऱ्यातून पुसला आणि संगणकातूनही.

"पुसलेले जिथे जातात तिथूनही."

त्यानं तिथूनही काढला. तिनं जवळ येऊन खात्री केली.

"जुने?"

"जुने म्हणजे?"

"पहिलीपासूनचे. तुमच्याकडे असतील ना सगळे."

होते. त्यानं आजवर एकही चेहरा टाकला नव्हता. पोलिसांनी परत दिलेल्या डिस्क त्यानं जोडल्या आणि आपली खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. "तूच पूस. मी पुसले तर तुझा विश्वास बसायचा नाही."

ती बसली. सगळ्यात वर तो हसरा फोटो होता, कोपऱ्यात तिरपी अक्षरं असलेला. तिघंही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

"मी द्यायला नको होता तो," फोटोवाला म्हणाला.

"हो," मुलगी म्हणाली आणि बटण दाबलं.

दहावीच्या ओळखपत्राचा गेला, नववीतला गेला, आठवीतला गेला. ओठ मिटलेले, हात आडवा, पुन्हा ओठ मिटलेले. ती थांबत नव्हती. चेहरा लहान लहान होत गेला, केसांना रिबिनी आल्या. पहिलीतल्या फोटोत समोरचे दुधाचे दात पडलेले होते आणि ती मुलगी त्या खिंडारासकट बिनधास्त हसत होती.

"तो राहू दे गं," आई पुढे येऊन म्हणाली. तिचा आवाज एकदम फाटला. "तेवढा एक राहू दे. घरातले सगळे तुझ्या बाबांनी फाडले. माझ्याकडे तुझा लहानपणीचा एकही नाही."

मुलीचं बोट थांबलं. तिनं आईकडे पाहिलं नाही.

"आई, चेहराच तर लागतो त्यांना," ती म्हणाली आणि तोही पुसला.

आई दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

राहिला वर्गाचा फोटो. दहावीचा, मैदानावर उन्हात काढलेला. पुढे बाकावर मुली, मागे मुलगे उभे. हा पुसून चालणार नव्हतं. यात बाकीची चाळीस मुलं होती. मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा," ती म्हणाली. मग बोट सरकवलं. "आणि हा."

फोटोवाल्यानं चष्मा सावरून पाहिलं. दोन साधी मुलं होती, भांग पाडलेली. एक तिच्या बरोबर मागे उभा होता, तिच्या डोक्यामुळे छातीपर्यंतच दिसणारा. दोघांनाही त्यानं पहिलीपासून हसवलं होतं.

"मला यातून काढता येईल?"

"येईल." त्यानं तिच्या मागच्या मुलावर बोट ठेवलं. "पण तुझी जागा मोकळी दिसेल. भरायची तर या मागच्याला खालपर्यंत काढावं लागेल. शर्ट, पट्टा, बूट, सगळं."

"काढा."

त्यानं काम सुरू केलं. आधी तिचे केस काढले, मग चेहरा, मग मांडीवरचे हात. शेजारच्या दोन मुलींना एकमेकींकडे थोडं सरकवलं. बाक पुरा केला. दुसऱ्या एका मुलाचा पट्टा उचलून त्या मुलाला लावला, गुडघे दिले, बुटांना नाड्या दिल्या. मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. बाहेर आई कुणालातरी सांगत होती की नाही, काही नाही, फक्त अर्जाचा फोटो काढायला आलोय.

"बघ आता."

मुलगी पुढे वाकली. वर्ग अखंड दिसत होता. इथे आणखी कुणी बसलं होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

"आता तो पूर्ण दिसतोय," ती म्हणाली.

"हो."

"असू दे." मग तिनं चित्र मोठं केलं आणि बाकासमोरच्या मातीवर बोट ठेवलं. "इथे माझी सावली राहिलीय."

फोटोवाल्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि सावलीवर माती पसरायला घेतली.